रांधणारीचं पान

"म्हणजे ती जेवायला बसली. एवढंच ना?" बुवांनी विचारलं.

"एवढंच कसं, बुवा?" मामंजींचा आवाज चढला. "गरम गरम पानात पडायचं ते सोडून हिनं सगळं आधीच करून ठेवलं. गार! आणि स्वतःचं ताट घेऊन आमच्या शेजारी येऊन बसली. विचारलंसुद्धा नाही."

"काय केलं होतं?"

"वॉफल."

बुवा थांबले. "ते काय असतं?"

"ताकातलं धिरडंच समजा. जाड. चौकटी-चौकटींचं." मामंजींनी हवेत बोटानं चौकोन काढले. "विजेच्या यंत्रात होतं. पण मुद्दा खाण्याचा नाही, बुवा. जीभ मी केव्हाच जिंकली आहे. मुद्दा शिस्तीचा आहे."

"मग त्या दिवशी खाल्लंत?"

"नाही."

"का?"

"चामड्यासारखं झालं होतं हो…"

मी मठाच्या सभामंडपात खांबाला टेकून बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत यंत्र. पुरावा म्हणून आणलेलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामंजी म्हणतात आणि सासूला आत्या. मामंजी मुख्याध्यापक होते. आता निवृत्त आहेत आणि शनिवारी कॉलनीतल्या लोकांना वैराग्य शिकवतात. यंत्र माझ्या भावानं लग्नात दिलेलं. मी पहिल्यांदा ताकातली वॉफलं केली तेव्हा मामंजींनी बोटं चाटली होती. तेव्हापासून दर रविवारी तेच.

यंत्रात एका वेळी एकच होतं. एक मामंजींना, एक माझ्या नवऱ्याला, विश्वजीतला. तोवर मामंजींचं ताट पुन्हा रिकामं. मी ओट्याशी. आत्या मध्ये, ने-आण करायला. आम्ही दोघी नंतर. उरलं तर.

आणि ढेकर देऊन मामंजी म्हणायचे, "रविवारी कसं, सगळं कुटुंब एकत्र बसतं!"

मागच्या रविवारी मी सगळ्यांची ताटं मांडली. आत्या बसल्या नाहीत. मी बसले.

"हिनं तुमच्यासमोर माफी मागावी," मामंजी म्हणाले. "आणि हे यंत्र इथंच ठेवून जावं. ज्या वस्तूनं घरात अहंकार शिरला, ती घरात नको."

मी वर बघितलं नाही. माझं ठरलं होतं. यंत्र ठेवीन. माफी मागणार नाही. मग त्याच गाडीतून परत जायचं, की ओढ्यापलीकडच्या रस्त्यावर माहेरची एसटी धरायची, तेवढं ठरायचं होतं.

विश्वजीत गाडी सावलीत लावतो म्हणून गेला होता. मठाभोवती सगळी सावलीच होती.

बुवांनी पिशवीकडे बघितलं. मग मामंजींकडे.

"बळवंतराव, तुम्ही आमच्याकडं पुष्कळ वेळा जेवलात. कसं असतं अन्न?"

मामंजींनी हात जोडले. "अमृत!"

"गरम असतं?"

"छे, गार असतं. तेच तर!" मामंजी सरसावून बसले. शनिवारचा आवाज लागला. "मी नेहमी सांगतो लोकांना. बुवांच्या मठात अन्न निवल्याशिवाय कुणी हात लावत नाही. जिभेवर जय मिळवायचा तो असा. इथली गार भाकरी खाताना मला कितीदा डोळ्यांत पाणी…"

"गंगव्वा," बुवांनी आत हाक मारली. "आपल्याकडं अन्न गार का होतं गं?"

मठात स्वयंपाक करणारी गंगव्वा पदराला हात पुसत दारात आली.

"का म्हंजे? मी बसस्तोवर ह्यातलं कुणी घास मोडत न्हाई. मग निवतंय की. किती येळा सांगिटलं, खावा बाबांनो, माझी वाट बघू नगासा. ऐकत्यात व्हय?"

ती आत गेली.

मामंजींचे जोडलेले हात तसेच राहिले.

"म्हणजे… ते वैराग्य…"

"मला गरमच आवडतं," बुवा म्हणाले.

…

 मामंजींच्या मागे बसलेल्या आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"पोरी, यंत्र चालतं का?"

त्या सकाळी कुणी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"चालतं."

"मग कर."

"बुवा!" मामंजी म्हणाले. "आपण निवाडा…"

"भूक नाही लागली तुम्हाला?"

लागली होती. माझ्या हातचं खाणार नाही म्हणून ते घरातून चहासुद्धा न घेता निघाले होते.

मैदा नव्हता. गंगव्वानं गव्हाचं पीठ काढलं, मूठभर रवा दिला. ताक आंबट होतं, मला हवं होतं तसं. त्यात मीठ, साखर, वितळवलेलं लोणी. शेवटी चिमूटभर सोडा पडला तसं पीठ फसफसून वर आलं.

"हे रागावलं की गं," गंगव्वा म्हणाली.

"रागावलं तरच हलकं होतं," मी म्हटलं.

मठात विजेचं बटण एकच, सभामंडपात. भजनाच्या लाउडस्पीकरची पिन काढून तिथं यंत्राची घातली. त्यामुळे मी रांधत होते आणि पंगत समोर बसून बघत होती. घरी मध्ये भिंत असते.

गंगव्वानं पानं मांडली. सगळ्यांत आधी एक पान माझ्याजवळच, भिंतीकडे.

"ह्ये तुझं. रांधणारीचं."

मग बुवांचं. मग बाकीची. मामंजी आपल्या पानावर बसले आणि माझ्या पानाकडे बघत राहिले.

यंत्राच्या कडेनं वाफ निघू लागली. लोण्याचा, ताकाचा वास मंडपभर झाला. वासावर विश्वजीत आला. हातपाय धुऊन मुकाट पंगतीत बसला. कुणी त्याला विचारलं नाही, गाडीला सावली मिळाली का.

"उघड की आता," मामंजी म्हणाले.

"वाफ थांबू द्या, मामंजी. आत्ता उघडलं तर फाटतं. अर्धं वर, अर्धं खाली."

घरी हे मी भिंतीआडून मनातल्या मनात म्हणत असे.

पहिलं बुवांच्या पानात पडलं. तांबूस, कडेनं कुरकुरीत. बुवांचे हात मांडीवर. दुसरं मामंजींच्या पानात. मामंजींचा हात पुढे झाला, बुवांच्या मांडीवरल्या हातांपाशी नजर गेली, आणि माघारी आला.

मी घाई केली नाही. प्रत्येक वेळी यंत्र लोण्यानं पुसून घेतलं. प्रत्येक वेळी पीठ नीट ढवळलं. विश्वजीतचं पडलं, गंगव्वाचं पडलं. तोवर बुवांच्या पानातलं मऊ पडलं होतं. मामंजींचं तर खाली बसलंच होतं. ते त्याच्याकडे असे बघत होते, जशी माणसं सुटलेल्या एसटीकडे बघतात.

शेवटचं माझ्या पानात ठेवलं. पिन काढली.

आणि उभी राहिले.

मागच्या रविवारी न विचारता बसले होते. आज विचारल्याशिवाय बसणार नव्हते.

मंडपात पाकोळी फिरत होती. तिचाच आवाज.

"बळवंतराव," बुवा म्हणाले, "तुमची सून उभी आहे."

मामंजींनी विश्वजीतकडे बघितलं. विश्वजीतनं पानाकडे. गंगव्वानं पाय मोडून बैठक घेतली आणि सुस्कारा सोडला.

"बस…" मामंजी म्हणाले. घसा खाकरला. "बसा, सूनबाई."

मी बसले.

मामंजींनी लगेच तुकडा मोडला. तो तोंडापाशी नेला आणि थांबले. बुवांचे हात अजून मांडीवरच.

"आता काय राहिलं, बुवा?" या वेळी चिडकेपणा लपला नाही. "रांधणारी बसली की!"

बुवा मामंजींच्या खांद्यावरून मागे बघत होते.

मागे आत्या होत्या. हातात तांब्या, वाकून पेल्यांत पाणी ओतत. विश्वजीतचा पेला भरला, मामंजींचा भरला, मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

"माझं काय हो," आत्या गडबडल्या. "तुम्ही घ्या. मी मागनं. मला सवय आहे."



"बसा वो वैनी," गंगव्वा म्हणाली. "हितं पोटात कावळं वरडाय लागल्यात."

आत्यांनी तांब्या खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

खरंच विचारलं. लटकं नाही. त्यांना माहीत नव्हतं.

मामंजींच्या शेजारी जागा होती. आत्यांनी त्या जागेकडे बघितलं, मग मामंजींकडे. मामंजींनी गुडघा थोडा आत ओढून घेतला. गंगव्वानं तिथं पान टाकलं. मी माझ्या पानातलं वॉफल मधोमध फाडलं आणि अर्धं त्यावर ठेवलं. आत्या अंग चोरून बसल्या. दोघं अशी शेजारी, लग्नातला घास भरवल्यानंतर पहिल्यांदाच बसली असतील.

बुवांचा हात मांडीवरून उठला.

सगळे खाऊ लागले. बराच वेळ नुसतं चावणं ऐकू येत होतं. त्यात चावावं लागेल असं बरंच होतं.

"गार झालं," विश्वजीत पुटपुटला.

"गार कुठं?" आत्या म्हणाल्या. तुकडा बोटांत धरून त्यांनी उलटसुलट करून बघितला. "असंच तर असतं हे."

मग माझ्याकडे वळून, हळूच, "नाही का गं? गरम वेगळं लागतं?"



मामंजींचं चावणं थांबलं. घास गालात तसाच. त्यांनी आत्यांच्या पानाकडे बघितलं, जणू तिथं काही लिहिलेलं होतं आणि चष्मा घरी राहिला होता. आत्या मन लावून खात होत्या. त्यांना खरंच आवडलं होतं.

पाकोळी पुन्हा एक घिरटी मारून गेली…

पानं पुसून झाली. मामंजी पाणी प्यायले. त्यांनी पेला खाली ठेवला. आलो कशासाठी होतो, ते त्यांना आठवलं असावं. आवाज मात्र शनिवारचा राहिला नव्हता.

"बुवा… माफीचं तेवढं राहिलं."

बुवांनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला.

"मागा की, बळवंतराव."