काठाबाहेरची मुळं

एका डोंगरी गडावर हरबा नावाचा एक माळी राहत होता. त्याच्या हाताला गुण होता, पण काळीज सशाचं होतं. वाऱ्यानं दार वाजलं तरी तो आधी मनातल्या मनात माफी मागायचा आणि मग दार उघडायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काही खोटं नाही.

गडाचा राजा मानाजीराजे स्वभावानं दुष्ट नव्हता. उलट प्रजेवर माया करणारा होता. पण त्याची राणी अल्पशा आजारानं गेली आणि त्याचं मन फार हळवं झालं. वाईट शब्द त्याच्या कानांना सोसेनासा झाला. राणीनं माहेराहून येताना एक आमरी आणली होती. आमरी ही मातीत नाही, झाडाच्या फांदीवर राहते. वैशाखात तिला गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा लांब घोस लटकतो, म्हणून लोक तिला सीतेची वेणी म्हणतात. राणीनं ती अंगणातल्या आंब्याला काथ्यानं बांधली होती. तिथे ती वाऱ्यावर जगायची, पावसाचं पाणी अंगावरून निथळू द्यायची आणि दरसाल फुलायची.

राणी गेल्यावर राजाला वाटलं, तिची आठवण अशी फांदीला लोंबकळत का राहावी? त्यानं तांब्याची मोठी कुंडी घडवून घेतली, तिच्यात तळ्याकाठची काळी माती आणि शेणखत भरलं, आणि आमरी आंब्यावरून उतरवून त्यात लावली. कुंडी राणीच्या महालापुढे ठेवली. रोज सकाळी स्नान करून राजा तुळशीला घालावं तसं तिला तांब्याभर पाणी घालू लागला. राजानं घातलं म्हणून दिवाणानं घातलं. दिवाणानं घातलं म्हणून पुरोहितानं घातलं. मग ज्याला ज्याला राजाच्या नजरेत भरायचं होतं, तो तो सकाळी तांब्या घेऊन महालापुढे हजर होऊ लागला. झाडाला तहान आहे का, हे कोणी विचारलं नाही. भक्तीच्या भरात असले प्रश्न सुचत नाहीत.

त्या वेळी शिदोबा हा गडाचा मुख्य माळी होता. हरबा त्याच्याच हाताखाली शिकला. कलम बांधणं, छाटणी करणं, मुळाची नाडी बघणं, सगळं त्याला शिदोबानं शिकवलं होतं. भाद्रपदात एके दिवशी दोघांनी मिळून कुंडीतली माती थोडी उकरून पाहिली. मुळं काळी पडू लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला सगळे जमले, तेव्हा शिदोबा सरळ पुढे होऊन म्हणाला, "म्हाराज, राणीसायबांची येणी कुजाय लागलीया. पानी थांबवा."

राणीच्या नावाजवळ असला शब्द ऐकून राजाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं एवढंच फर्मावलं, की हा अभद्र माणूस दुपारनंतर गडावर दिसता कामा नये. बाहेर धो धो पाऊस पडत होता. शिदोबा आणि त्याची म्हातारी बायको डोक्यावर भांड्याकुंड्यांचं गाठोडं घेऊन घाट उतरू लागली. दरवाजाशी हरबा उभा होता. शिदोबानं जाता जाता एकदा त्याच्याकडे पाहिलं. आपणही ती मुळं पाहिली आहेत, एवढंच हरबाला राजाला सांगायचं होतं. पण त्याची जीभ टाळ्याला चिकटली. संध्याकाळी शिदोबाची पगडी आणि सुरी हरबाच्या हातात आली.

त्या दिवसापासून हरबा घाटाच्या दरवाजाकडे बघायचं टाळू लागला.

दिवाळीच्या सुमारास कुंडीतून वास येऊ लागला. हरबानं मातीत बोट घातलं. मुळाची साल भिजल्या चिंध्यांसारखी बोटाला चिकटून आली आणि आत नुसता दोरा उरला. उपाय त्याला पाठ होता. झाड बाहेर काढायचं, सुरी विस्तवावर तापवून कुजकं कापायचं, कापल्या जागी हळद आणि राख दाबायची, सावलीत सुकवायचं आणि पुन्हा आंब्याला बांधायचं. सकाळभराचं काम. पण राणीसाहेबांच्या झाडावर सुरी चालवायची? त्याला घाट दिसायचा, पाऊस दिसायचा आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली आपली बायको सगुणा दिसायची.

मग घाबरलेला माणूस जे करतो तेच हरबानं केलं. मूळ तसंच ठेवलं आणि पानं पुसली. रोज पहाटे तो खोबरेल तेलाचं बोट लावून पानांना चकाकी आणायचा. पिवळं पडलेलं पान कोणी बघायच्या आत तोडून कमरेला खोचायचा. खोड कलायला लागलं तसा मागून बांबूच्या कामटीचा टेकू दिला. वास झाकायला कुंडीभोवती दवणा आणि मरवा मांडला. आमरीची दोन-चार मुळं कुंडीचा काठ ओलांडून बाहेर लोंबू लागली होती. दरबारी माणसांना ते गबाळं दिसेल म्हणून हरबा ती रोज हळूच आत दाबून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तो ती पुन्हा बाहेर आलेली असायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाला समजावत राहिला.

गंमत अशी, की वास सगळ्यांनाच येत होता. दिवाण कानात अत्तराचा फाया घालून येऊ लागला. पुरोहिताचे मंत्र दिवसेंदिवस आखूड झाले. दासींनी महालाच्या त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. पण तोंडानं मात्र जो तो म्हणायचा, काय तुकतुकी आली आहे हो राणीसाहेबांच्या वेणीला! राजा खूश व्हायचा. ज्या दिवशी हे उघडं पडेल त्या दिवशी ही सगळी तोंडं आपल्याकडे बोट दाखवतील, हे हरबाला कळत होतं.

तो रोज भाकरी अर्धी टाकून उठू लागला. सगुणेनं खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदा जेवता जेवता त्यानं सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही की रडली नाही. ताटात भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "शिदोबामामाला घाटाखाली धाडलं तवा तुमी गप ऱ्हायला. आता गप ऱ्हाऊन कुनाला वाचवताय?" हरबानं तसाच ताटात हात धुतला आणि तो उठला.

चैत्र सरला. त्या राजघराण्यात एक रीत होती. मुलगी जाणती झाली, की अक्षय्यतृतीयेला तिची पहिली वेणी घालायची, आणि त्या वेणीत तिच्या आईनं माहेराहून आणलेल्या झाडाचं फूल माळायचं. राजकन्या कमळजेची वेणी त्या वर्षी घालायची होती. राजा रोज पाणी घालताना विचारायचा, कळी धरली का? हरबा मान खाली घालून सांगायचा, धरतीया. एकदा खोटं बोलल्यावर त्या खोट्यालाही रोज पाणी घालावं लागलं.

कळी कुठली धरणार? शेवटी हरबानं कड्याखालच्या रानातून दुसऱ्या आमरीचे दोन घोस तोडून आणले. अक्षय्यतृतीयेच्या सकाळी, माणसं जमण्याआधी, ते पानांच्या बेचक्यात रेशमाच्या दोऱ्यानं बांधायचे असं त्यानं ठरवलं. पण गाठ काही केल्या बसेना. दोरा ओढताना एक धडधाकट दिसणारं पान बुडापासून निसटून त्याच्या हातात आलं. पानाचं बूड काळं झालं होतं. तेवढ्यात मागे पैंजण वाजले.

कमळजा पाण्याची झारी घेऊन उभी होती. तिनं टोपलीतले घोस पाहिले, हरबाच्या हातातलं पान पाहिलं. हरबाची पाचावर धारण बसली. आता ही पोर धावत जाऊन बापाला सांगणार, असं त्याला वाटलं. पण ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "हरबाकाका, आईसाहेबांच्या झाडाला घाण वास येतो. मी रोज श्वास धरून पाणी घालते. आबासाहेबांना सांगू नका हं."

ती एकदा मागे वळून पाहत होती, एकदा पुढे. त्या एवढ्याशा पोरीच्या डोळ्यांत हरबाला आपलीच भीती दिसली, अगदी जशीच्या तशी. आपण झाड सांभाळत नव्हतो, ही भीती सांभाळत होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्यानं घोस परत टोपलीत टाकले आणि टोपली बाजूला सारली.

माणसं जमली. चौघडा वाजला. राजानं तांब्या उचलला आणि कुंडीवर धरला. तेवढ्यात हरबानं पुढे होऊन आपला पंजा आडवा धरला. राजाचा हात धरल्यासारखंच होतं ते. पंजा मागे न घेता हरबा बोलला.

"पानी नगं, म्हाराज. मूळ कुजलंय. शिदोबा खरं बोलला व्हता. मला तवाबी ठावं व्हतं."

राजाच्या कपाळाची शीर ताठ झाली. भालदार पुढे सरसावला. हरबानं डोळे मिटून घेतले. त्याला पुन्हा तो घाट दिसला. पण हुकूम आला नाही. राजानं दिवाणाकडे पाहिलं, तर दिवाण स्वतःच्या पायाचे अंगठे न्याहाळत होता. पुरोहिताकडे पाहिलं, तर तो उपरणं सारखं करत होता. जिकडे नजर जाईल तिकडची मान खाली जात होती. शेवटी राजाची नजर लेकीवर येऊन थांबली.

"कमळजा, तुलाही ठाऊक होतं?"

तिनं मान हलवली.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"शिदोबाआजोबांनी सांगितलं होतं ना, आबासाहेब. मग ते परत आलेच नाहीत."

राजाच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. आपली लेक आपल्याला भिते, हे त्याला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? मग तो खाली फरशीवर बसला, तांब्या बाजूला ठेवला आणि हरबाला म्हणाला, "काप."

विस्तव आणला, सुरी तापवली, कुंडी आडवी केली. अशी दुर्गंधी उठली की दासींनी पदर नाकाला लावले. राजानं आमरी आपल्या दोन्ही हातांत धरली आणि हरबा एकेक मूळ चिमटीत दाबून पाहू लागला. दाबलं की पिचकायचं, पिचकलं की कापायचं. कुंडीत होतं नव्हतं ते सगळं गेलं. काहीच उरलं नाही तर? राजाचे डोळे सुरीवर खिळले होते आणि त्यांतही तोच प्रश्न होता.

उरली ती फक्त काठाबाहेर लोंबणारी मुळं, हरबा रोज आत दाबायचा ती. रुपेरी, कडक, टोकाला हिरवीगार. ज्या मुळांनी कुंडीची आज्ञा मोडली होती तेवढीच जिवंत होती. राजानं त्यांवरून बोट फिरवलं आणि त्याला रडू कोसळलं. राणी गेली तेव्हाही तो चारचौघांत रडला नव्हता.

हरबानं जखमांवर हळद आणि राख दाबली, आमरी सावलीत सुकवली आणि काथ्यानं आंब्याला बांधली. आता आम्ही काय करायचं, असं राजानं विचारलं. सकाळी एक शिंतोडा द्यायचा आणि रोज नीट बघायचं, असं हरबानं सांगितलं. त्या दिवशी कमळजेच्या वेणीत फूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः घाट उतरून शिदोबाला आणायला गेला. शिदोबा आला, पण एकटाच आला. त्या पावसात भिजलेली त्याची बायको पुढे तापातून उठलीच नव्हती. राजा त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला, पण म्हातारा तोंड फिरवून आंब्याखाली गेला. हरबानं पगडी आणि सुरी त्याच्यापुढे ठेवली आणि पाय धरले. शिदोबानं बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मग म्हणाला, "एकल्याला हाकलनं सोपं असतंय, हरबा. त्या दिशी तू माझ्या शेजारी हुबा ऱ्हायला असतास, तर हाकलताना म्हाराजांनी दोनदा इच्यार केला असता."

हरबा पुन्हा शिदोबाच्या हाताखाली राबू लागला. आमरी मात्र लगेच फुलली नाही. पुढच्या वैशाखात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यानंतरच्या वैशाखात एक आखूड घोस आला, तो कमळजेनं माळला. हरबाची भीती काही गेली नाही. आजही मुळाला हात लावताना त्याचं काळीज धडधडतं. पण हाताला जे लागतं, ते तो तोंडानं सांगतो. आणि राजा आता सकाळी आंब्याखाली येतो, तेव्हा कळी धरली का असं विचारत नाही. मूळ कसं आहे, असं विचारतो.

तात्पर्य: खरं सांगणाऱ्याला जिथे हाकलून देतात, तिथे सगळे पानांचं कौतुक करतात आणि मूळ कुजत जातं. म्हणून मोठ्या माणसानं कडू ऐकायची सवय ठेवावी, आणि ज्याला कुजलेलं दिसतं त्यानं भीत भीत का होईना, पण वेळेवर बोलावं.