खिंडीतले दगड

“आणि कौसल्याबाईंचं काय?”

सोमगिरी बाबांनी नकाशावरून नजर न उचलता विचारले.

अभिराम थांबला. त्याचे बोट अजून डोंगराच्या धारेवरच होते.

मठाच्या ओसरीवर त्याने नकाशा पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर पाण्याची भांडी ठेवली होती. पावसाळा सरला की मठातली मंडळी शिधा आणि पांघरुणे पाठीवर घेऊन समोरच्या भैरवकड्यावर मुक्कामाला जात. त्यांना नेण्याचा मान कित्येक वर्षे अभिरामचा होता. यंदा मात्र खिंडीखालच्या घळीत वाट वाहून गेली होती. घळ ओलांडण्यासाठी तिथे जुना दगडी बांध होता. पावसाने त्याचा मधला भाग नेला होता.

“धारेवरून वळसा घालायचा,” अभिराम म्हणाला. “एक मुक्काम वाढेल. कड्याला दोर लावावा लागेल. सगळं पाहून आलोय मी, बाबा. ही वाट दुसऱ्या कुणाला सापडली नसती.”

“खरं आहे... कौसल्याबाईंचं काय?”

अभिरामने आवाज खाली आणला.

“त्यांना यंदा नाही नेता येणार.”

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कौसल्याबाई वाल सोलत बसल्या होत्या.

“मला ऐकू येतं हो,” त्या म्हणाल्या. “गुडघे गेलेत माझे, कान नाही.”

बाबा मोठ्याने हसले. अभिराम हसला नाही.

कौसल्याबाईंचा मुलगा दर वर्षी या मंडळींबरोबर जायचा. परतला की कड्यावरचा वारा कसा, टाक्यातले पाणी किती गार, हे आईला सांगत बसायचा. तूही चल म्हणायचा. आई म्हणायची, पुढच्या वर्षी.

गेल्या माघात तो गेला. यंदा त्या आल्या होत्या.

“बांध नीट बांधून घेऊ, काकू,” अभिराम म्हणाला. “मग पुढच्या वर्षी मी स्वतः नेईन तुम्हाला.”

“पुढच्या वर्षी...” कौसल्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

बाबा उठले.

“चल. घळ दाखव मला.”

खिंड मठापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथून वाट घळीकडे उतरत असे. खिंडीत दगडांचा मोठा ढीग होता, पुरुषभर उंच. खिंडीतला देव त्याच्या आत कुठेतरी होता. कड्यावरून परतणाऱ्याने घळीतून एक दगड उचलायचा, चढ चढून वर आणायचा आणि देवाला वाहायचा, असा रिवाज होता.

बाबा ढिगाजवळ उभे राहून खाली पाहत होते.

“बांधाचे दगड कुठे गेले?”

“पावसानं नेले.”

“इतकी वर्षं नाही नेले ते?”

“बांध ढिला झाला होता, बाबा. आतून पोकळ झाला होता.”

“कशानं?”

अभिराम वाकून खाली घळीत पाहू लागला.

“मागच्या वर्षी देवाला कोणता दगड आणलास?”

अभिरामचा चेहरा उजळला. ढिगाच्या पायथ्याशी एक चौकोनी काळा दगड होता. त्याने त्यावर हात ठेवला.

“हा. एवढा मोठा कुणीच आणला नव्हता. खांद्यावरून आणला, मध्ये कुठेही न टेकवता.”

“चांगला आहे. कडा कशा सरळ... असा कुठे मिळाला रे घळीत?”

अभिरामचा हात दगडाच्या सरळ कडेवरून फिरला.

घळीतले दगड गोल असतात. पाणी त्यांना सरळ कडा ठेवत नाही.

त्याने ढिगाकडे पाहिले. वरपासून खालपर्यंत.

“बांधातला...” तो म्हणाला. “सगळेच तिथले काढतात, बाबा. गोटे हातातून निसटतात.”

बाबांनी ढिगावरचा एक शेंदूर लागलेला दगड उचलला, छातीशी धरला आणि घळीकडे उतरू लागले.

“बाबा! तो देवाचा आहे!”

“म्हणूनच जड आहे. तूही एक घे.”

हळूहळू मठातली सगळी मंडळी जमली. कुणी दगड उचलला, कुणी नुसताच हात जोडला.

“वाहिलेलं परत घेतात का कुठे?” एक जण कुरकुरला.

“घेत नाही. पोचवतोय,” बाबा म्हणाले आणि पुढचा दगड त्याच्याच हातात दिला.

अभिरामने आपला काळा दगड खांद्यावर घेतला. वर आणताना सगळे त्याच्याकडे पाहत होते. खाली नेताना कुणीच पाहत नव्हते. जो तो आपापल्या ओझ्याखाली होता.

घळीत उतरून त्याने तो बांधाच्या तळाशी बसवला. दगड हलला नाही. जणू जागा त्याची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत बांध पुरा झाला. ढीग संपला तेव्हा तळाशी ओंजळीएवढा देव निघाला. अनेकांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

अभिरामने बांधावर उभे राहून उडी मारली. पुन्हा मारली. एक खडाही निसटला नाही.

“काकू, या!” तो ओरडला. “हात धरू का?”

“बाजूला हो आधी,” कौसल्याबाई म्हणाल्या. “तू मध्ये उभा राहिलास तर मी जाऊ कुठून?”

हशा पिकला. अभिरामही हसला आणि बाजूला झाला.

कौसल्याबाई काठी टेकत निघाल्या. बांधाच्या मध्यावर त्या थांबल्या. त्यांनी पायाने दगड चाचपला, मान हलवली आणि पुढचे पाऊल टाकले... मग पुढचे... आणि पलीकडच्या मातीला काठी लागली.

घळ आरोळ्यांनी भरून गेली. कालचा कुरकुरणारा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

कौसल्याबाईंनी वळून पाहिले. पदर वाऱ्याने फडफडत होता.

“चला की!” त्या म्हणाल्या. “का माझ्या गुडघ्यांसाठी थांबलात?”

आणि त्या चढू लागल्या.

मंडळींनी ओझी पाठीवर घेतली. अभिराम सगळ्यांच्या मागे राहिला. त्याने वर खिंडीकडे पाहिले. ढीग होता तिथे आता आभाळ दिसत होते.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “देवापाशी एकही दगड उरला नाही. एकटा पडला तो.”

बाबा वहाणेचा अंगठा नीट करत होते.

“एकटा कसला? तो तर केव्हाच पलीकडे गेला.”