शिंप्याचा पाळणा

भाविकहो, त्या वर्षी बाळगीर महाराज करंजवाडीच्या राममंदिरात मुक्कामाला होते. ओवरीत एक घोंगडी आणि एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. रामनवमी जवळ आली होती.

गावात लिंबाजी नावाचा शिंपी होता. त्याची बायको ठकूबाई माघात वारली. घरच्याच हातांनी केलेला पाळणा रामनवमीला वाहीन, असा नवस तिने केला होता. नवस कशासाठी केला ते तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की पाळणा झाला नाही तर तिचा शब्द खोटा पडेल. बायको गेल्यावर माणसाला तिच्याशी भांडताही येत नाही. तिचं राहिलेलं काम तेवढं करता येतं.

देवाच्या पाळण्याला लोखंड लावायचं नाही, ही गावाची रीत. म्हणजे खिळा नाही. पट्टीच्या टोकाला कूस, म्हणजे लाकडाची जीभ काढायची आणि खांबाला तेवढीच खाच पाडून ती आत ठोकून बसवायची. लिंबाजीने जन्मात कात्रीशिवाय काही धरलं नव्हतं. लाकूड कोरायची पटाशी त्याच्या हातात तिरकी जाई आणि खाच घुशीच्या बिळासारखी वेडीवाकडी होई. तीन खांब वाया गेले.

हैबती मिस्त्री रोज बघायला येई. पाच गावांत त्याच्या सुतारकामाचं नाव होतं. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

"लिंबा, ही खाच केलीस का उंदराला घर दिलंस?"

"हैबतीदादा, जरा दाखवा ना कसं धरायचं."

"दाखवून येतं होय? सात पिढ्या लागतात! तू आपली बटणं लाव."

लिंबाजी रडवेला होऊन महाराजांकडे गेला. महाराज म्हणाले, "अरे, सदरा बेततोस तेव्हा आधी काय करतोस?"

"कागदाचा नमुना कापतो, महाराज."

"मग लाकडानेच तुझं काय घोडं मारलंय? त्याचाही नमुना कर की!"

काय ही माउलीची युक्ती! लिंबाजी घरी गेला. त्याने लाकडाचे दोन जाड ठोकळे घेतले, मधे पटाशीच्या रुंदीएवढी फट ठेवली आणि दोन्ही टोकांना पट्ट्या ठोकून ते जखडले. हा साचा लेंग्याच्या नाडीने खांबाला आवळायचा, फटीतून पटाशी घालायची आणि लाकडी मोगरीने ठोकायचं. पटाशीला वाकडं व्हायला जागाच नाही! करवतीसाठीही त्याने तसाच साचा केला. आठ दिवसांत सगळ्या खाचा आणि कुसा तयार झाल्या, दोरी लावून आखल्यासारख्या सरळ.

पण कूस खाचेत जाईना. कापड कापताना शिवणीसाठी जादा ठेवायची सवय! प्रत्येक कूस रेघेच्या बाहेरून कापलेली. शिवाय पट्ट्याही लांब कापल्याने पाळणा चांगला दीड हात रुंद होणार होता.

हैबती पोट धरून हसला. "एवढा मोठा कशाला रे?"

"लेकराचं अंग वाढतं, दादा. कपडे ढगळच बेततो आम्ही."

"अरे, देवळातली मूर्ती वाढणार आहे काय?"

लिंबाजी पुन्हा पटाशी घेऊन बसला. एकेक कूस केसाएवढी तासायची, घालून बघायची, पुन्हा तासायची. शेवटी मोगरीच्या ठोक्यांनी त्या अशा गच्च बसल्या की सांध्यात नखही शिरेना.

नवमीला सकाळी पाळणा मंडपात दोरांनी टांगला. हैबती पुढे झाला. "रामराया पडला तर गावाची अब्रू जाईल. आधी मी बसून दाखवतो, बघा कसा मोडतो ते!" कोणी नको म्हणायच्या आत तो आत बसलाही.

पाळणा करकरला नाही. हैबतीने दोन हिसके दिले. काही नाही. मग उतरायला गेला तर उतरता येईना! दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये मिस्त्री बुचासारखा बसला होता.

सूर्य डोक्यावर येत चालला. जन्माची वेळ आली आणि पाळण्यात हैबती! चौघांनी ओढलं, कोणी तेल ओतलं. बायका पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आता ह्याचंच बारसं करा गं!"

हैबती घामाघूम झाला. "मोगरी आणा! सांधा उलटा ठोकतो, निघतोय बघा." त्याने आतूनच दणादण ठोकलं. सांधा हलेना. तेव्हा पुजारी म्हणाले, "आता करवतच लावावी लागेल."

लिंबाजी मंडपात बसलेल्या महाराजांकडे धावला. "महाराज, तिचा नवस हो! कापला तर मी तिला काय सांगू?"

महाराज उठले. पाळण्यावर हात ठेवून म्हणाले, "हैबती, तू जाणता कारागीर. खरं सांग, सांधा कसा आहे?"

हैबतीने मान खाली घातली. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "महाराज, असा सांधा माझ्याच्यानं झाला नसता."

बोल संपला आणि सदऱ्याच्या बाहीतून हात निघावा तसा मिस्त्री पाळण्यातून अलगद निसटला! एक पट्टी हलली नाही, एक सांधा सैल झाला नाही. बाराचा ठोका पडला. पुजाऱ्यांनी रामराया पाळण्यात ठेवला, लिंबाजीने दोरी ओढली आणि गुलाल उधळला. निम्मा गुलाल तेलाने माखलेल्या हैबतीलाच चिकटला.

तो तसाच धावत महाराजांच्या पायांवर पडायला आला. महाराज मागे सरले. "माझे पाय कशाला धरतोस? जिचा नवस तिला नमस्कार कर."

हैबती वळला आणि झुलत्या पाळण्यासमोर त्याने जमिनीला डोकं टेकलं. "ठकूवहिनी," तो म्हणाला, "चुकलो. पाळणा पोचला."