काठोकाठ भरलेली वाटी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात साक्ष देण्याची एक रीत होती. साक्षीदाराने तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवायची आणि मग बोलायचं. थेंब सांडला की साक्ष खोटी. ही रीत कोणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

एकदा मुखियाचा बैल मेला. मुखियाचा मेहुणा म्हणाला, “गुराख्याने काठीने मारला.” गुन्हा ठरला तर गुराख्याला बायकापोरांसह गाव सोडावं लागणार होतं.

खरा प्रकार एका विणकर बाईने पाहिला होता. मेहुण्यानेच गाडीत दगड भरून बैलाला भर उन्हात चढावर हाकललं होतं. बैल तिथेच कोसळला. पण त्या बाईला कंपवात होता. तिचे हात सतत थरथरत, पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. लोक म्हणत, “काय गं, उन्हातही थंडी वाजते का तुला?” आणि हसत.

ती आजोबांपाशी गेली. त्यांनाही कित्येक वर्षं हाच आजार होता.

“आबा, मी बोलले तर पाणी सांडणार. माझ्यामुळे तो गुराखी आणखीच अडकेल.”

“सांडेलच,” आबा म्हणाले. “माझ्या ताटातलं रोज सांडतं. म्हणून मी जेवायचं सोडलं का?”

“लोक हसतील, आबा.”

“मला तरुणपणापासून हसताहेत. अजून दमले नाहीत बिचारे. तू जा. मी येतो मागून, हळूहळू.”

पारावर गाव जमलं होतं. मेहुण्याने वाटी घेतली, धडधडीत खोटं सांगितलं. पाणी हललंसुद्धा नाही. लोकांनी माना डोलावल्या.

मग ती पुढे आली. पहिला शब्द निघायच्या आत अर्धं पाणी सांडलं. पारावर हशा पिकला.

“साक्ष खोटी,” मुखिया म्हणाला. “गुराख्याने उद्या गाव सोडावं.”

ती मागे वळली. गर्दीच्या कडेला आबा काठी टेकून उभे होते. त्यांची मानही थरथरत होती, पण नजर तिच्यावरच होती. ती पुन्हा मुखियाकडे वळली.

“वाटी भरा परत!” ती ओरडली. वाटी भरली. “सूर्य पूर्वेला उगवतो!” पाणी सांडलं. “सांगा आता, हेही खोटं का? उद्यापासून सूर्याला पश्चिमेकडून यायला सांगणार का तुम्ही?”

हसणं थांबलं.

“हात थरथरतो तो आजाराने. खोटं बोलायला हात लागत नाही, जीभ लागते! आणि तुमच्या या मेहुण्याचा हात दगडासारखा आहे. त्याने म्हणून दाखवावं सूर्य पश्चिमेला उगवतो, बघू सांडतं का!”

मेहुण्याला आपल्या हाताचा भारी गर्व. त्याने झटकन वाटी उचलली, छाती फुगवली आणि म्हणाला, “सूर्य पश्चिमेला उगवतो!” एक थेंब सांडला नाही. शाबासकीसाठी त्याने सगळीकडे पाहिलं.

मग एक म्हातारी म्हणाली, “अरे मेल्या, मग मघाशी काय काय बोललास?”

मग त्या बाईने दगडांनी भरलेली गाडी, भर ऊन, तो चढ, पाहिलेलं सगळं सांगितलं. मुखियाची मान खाली गेली. गुराखी गावातच राहिला. मेहुण्याला गाव सोडावं लागलं आणि ती रीत त्याच दिवशी मोडली.

पण त्या वाटीने आधी किती घरं उठवली होती? म्हातारपणाने, तापाने, भीतीने ज्यांचे हात हलले, त्या सगळ्यांना खोटं ठरवून कुठे हाकललं होतं? त्यांना शोधायला कुणी गेलं नाही. आणि जे हसले होते, त्यांच्यापैकी एकानेही त्या बाईची माफी मागितली नाही. तिने वाटही पाहिली नाही. आबांचा हात धरून ती घरी निघाली. दोन थरथरते हात एकमेकांना घट्ट धरून होते.

बोध : आजारी शरीराकडे बोट दाखवून माणसाला खोटं ठरवणं, हाच सर्वांत मोठा खोटेपणा आहे.