मोठ्या भोकांचं जाळं

फार पूर्वी उत्तरेच्या समुद्रावर, जिथे वल्ह्यांवर बर्फ धरतो तिथे, तोर्वाल नावाच्या कोळ्याकडे मोठ्या भोकांचं एक जाळं होतं. ते मोठे मासे धरी आणि पिल्लं सोडून देई.

एकदा शेजारच्या होडीत बारीक विणीचं जाळं आलं आणि तिथे पिल्लांचे ढीग पडू लागले. ते बघून तोर्वालही भोकं लहान करायला सुई-दोरा घेऊन बसला.

"थांबा मालक," जाळं म्हणालं. "या थंड पाण्यात मासा सावकाश वाढतो, म्हणून तर त्याचं मांस घट्ट आणि चवदार असतं. त्याला वाढू द्या."

"आणि तोवर मी काय खाऊ?"

"मोठं मिळेल ते. कमी मिळेल, पण दरवर्षी मिळेल."

तोर्वालने ऐकलं नाही. तेव्हा जाळ्याने आपलं गारठलेलं अंग असं ताठ केलं, की सुईच मोडली. तोर्वाल चरफडत उठला.

काही वर्षांनी शेजारची होडी रिकामी परतू लागली आणि शेवटी किनाऱ्यावरच पडून राहिली. तोर्वालच्या जाळ्यात मात्र एक भलीमोठी कॉड माशाची मादी आली. लहानपणी याच भोकांतून निसटताना तिच्या परावर उठलेला वळ जाळ्याने ओळखला.

"आज सोडणार नाहीस ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला धर. माझी पिल्लं मागून येतायत, त्यांना तेवढं जाऊ दे."

"ते सांगायला नको," जाळं म्हणालं आणि त्याने आपली सगळी भोकं ताणून धरली.