टिचकी पाल आणि भुकेला कॉम्प्युटर

ऐका रे पोरांनो. पाय पोटाशी घ्या. मध्ये मध्ये बोलायचं नाही. ‘सुर सुर’ आलं, की मात्र सगळ्यांनी जोरात म्हणायचं.

एक होती पाल. शी म्हणू नका! एवढीशी तर होती, तुमच्या करंगळीएवढी. नाव तिचं टिचकी.

बाहेर थंडी. हुड हुड हुड!

टिचकीची जागा ठरलेली. आत्याच्या कॉम्प्युटरच्या मागची भिंत. तिथे गरम वारा यायचा. भुस्स भुस्स! टिचकी भिंतीला चिकटायची. पोट शेकायची. मजेत म्हणायची, चुक चुक!

आत्या कॉम्प्युटरवर कार्टून करायची. नाचणारी वांगी. उडणारे हत्ती. एक दिवस ती कॉम्प्युटरला म्हणाली, “हळू काय चालतोस? नेहमीपेक्षा जोरात पळ!”

कॉम्प्युटर पळाला. धडधड धडधड! पळता पळता... फट्ट!

बंद पडला.

गरम वारा गेला. भिंत गार. टिचकीचं पोट गार गार. “अगं बाई! आता मी पोट कुठे शेकू?”

टिचकी निघाली. सुर सुर, सुर सुर.

“कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, गरम हो ना!
टिचकीचं पोट शेकेना!”

“मी नाही होणार जा! पळून पळून भूक लागली. डबा वीज देईल, तेव्हा मी गरम होईन.”

कॉम्प्युटरच्या पोटात एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला भरवायची, हे त्याचं काम.

टिचकी निघाली. सुर सुर, सुर सुर.

“डबेभाऊ, डबेभाऊ, वीज दे ना!
कॉम्प्युटर तापेना,
टिचकीचं पोट शेकेना!”

“मी नाही देणार जा! मी एवढासा, त्याची भूक एवढी! भरवून भरवून कंबर मोडली. आत्या माझा मोठा भाऊ आणेल, तेव्हा वीज मिळेल.”

टिचकी निघाली. सुर सुर, सुर सुर.

“आत्याबाई, आत्याबाई, मोठा डबा आण ना!
डबा वीज देईना,
कॉम्प्युटर तापेना,
टिचकीचं पोट शेकेना!”

“कामाच्या वेळी चुकचुकू नकोस! मी नाही आणणार जा! दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आता आणखी काय हवं त्याला? दुकानातली गुलशनमावशी डबा देईल, तेव्हा मी आणीन.”

टिचकी निघाली. सुर सुर, सुर सुर.

दुकानात डबेच डबे! एकाला लाल दिवे. एकाला निळे दिवे. एक तर सगळ्या रंगांत लुकलुक लुकलुक!

“मावशीबाई, मावशीबाई, मोठा डबा दे ना!
आत्या डबा आणेना,
डबा वीज देईना,
कॉम्प्युटर तापेना,
टिचकीचं पोट शेकेना!
तो बघ, तो लुकलुकणारा दे!”

“दिवे खाऊन कुणाचं पोट भरतं का गं? मी नाही देणार जा! आधी घरी विचार, कोण किती खातं. सगळ्यांत खादाड कोण?”

“कॉम्प्युटरच्या पोटातलं चित्रकार्ड. सगळी चित्रं तेच काढतं.”

“मग चित्रकार्ड भूक सांगेल, तेव्हा मी डबा देईन.”

टिचकी परत निघाली. सुर सुर, सुर सुर.

“कार्डोबा, कार्डोबा, भूक सांग ना!
मावशी डबा देईना,
आत्या डबा आणेना,
डबा वीज देईना,
कॉम्प्युटर तापेना,
टिचकीचं पोट शेकेना!”

“भी भाही भांगणार भा!”

“काय?”

थू थू थू! “मी नाही सांगणार जा! दसऱ्याचा झेंडू माझ्या तोंडात. दसऱ्याचं कुंकू माझ्या नाकात. आत्याचा कुंचला झाडेल, तेव्हा मी बोलेन.”

बघा! पूजा केली, पण नंतर झाडायचं कुणी?

टिचकी निघाली. सुर सुर, सुर सुर.

“कुंचलोबा, कुंचलोबा, झाड ना!
कार्ड भूक सांगेना,
मावशी डबा देईना,
आत्या डबा आणेना,
डबा वीज देईना,
कॉम्प्युटर तापेना,
टिचकीचं पोट शेकेना!”

“मी नाही झाडणार जा! माझ्या केसांत किडा शिरलाय. केस खातोय, कुरतुड कुरतुड. किडा निघेल, तेव्हा मी झाडीन.”

“किडेराव, किडेराव, निघ ना!
कुंचला झाडेना,
कार्ड भूक सांगेना,
मावशी डबा देईना,
आत्या डबा आणेना,
डबा वीज देईना,
कॉम्प्युटर तापेना,
टिचकीचं पोट शेकेना!”

“मी नाही निघणार जा!” किडा म्हणाला. “तू गं काय करशील, गारठलेली?”

टिचकी थांबली. किड्याकडे बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

“तुला कशाला विचारू?” ती म्हणाली.

लप्प! गट्टम!

मग काय!

कुंचला झाडू लागला. फर फर फर! झेंडू उडाला. कुंकू उडालं. आऽऽऽक् छी!

कार्ड बोलू लागलं. “आधी मी एक घास खायचो. आता जोरात पळतो, म्हणून तीन घास खातो. मध्येच दचकलो, की एकदम पाच घास!”

टिचकी ते सांगायला दुकानात गेली, सुर सुर, सुर सुर, आणि मागोमाग आत्याही आली. “असं होय!” मावशी म्हणाली. “मग पाच घास देऊन वर थोडा दम उरेल, असा डबा हवा. नाहीतर धापा टाकत बसेल.” तिने खालच्या फळीवरून एक काळा डबा काढला. एकसुद्धा दिवा नाही.

“हा?” आत्याने नाक मुरडलं. “किती साधा!”

“उचल बरं.”

आत्याने उचलला. “आई गं! काय जड आहे!”

“आत माल आहे, म्हणून जड आहे. ने गुपचूप.”

आत्या डबा आणू लागली. हुश्श हुश्श! जुन्या डब्याला बाहेर काढलं. “सुटलो बाई!” तो म्हणाला. नवा डबा आत बसला. स्क्रू फिरले. किर्र किर्र!

नवा डबा वीज देऊ लागला. गटगट गटगट!

कॉम्प्युटर पळू लागला. धडधड धडधड! पळाला, पळाला, खूप पळाला... फट्ट झालंच नाही!

गरम वारा आला. भुस्स भुस्स!

टिचकीने भिंतीवर पोट टेकलं. डावीकडून शेकलं. उजवीकडून शेकलं.

तेवढ्यात आत्या आली. “ए पाली! माझ्या नव्या डब्यापाशी काय करतेस? हो बाजूला!”

टिचकीने एक डोळा उघडला.

“मी नाही हलणार जा!”

आणि खरंच नाही हलली. आत्या हसली आणि आपल्या वांग्यांना नाचवायला बसली.

टिचकी झोपली. तुम्ही कसले टकामका बघताय? मिटा डोळे!