दोनदा मिळवलेल्या घटका

भिंतीवर घड्याळे येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. एका डोंगराच्या पूर्वेला सूर्य पश्चिमेपेक्षा दोन घटका आधी दिसे. खिंडीतला पोपट इकडचे निरोप तिकडे सांगे आणि टाक्यातले कासव ते दगडावर कोरून ठेवी.

एकदा पश्चिमेच्या बगळ्यांनी कळवले, "उद्या सूर्योदयानंतर चार घटकांनी थवा निघेल. पूर्वेच्या लंगड्या बगळीला सांगा." तिला एकटीने समुद्र ओलांडणे शक्य नव्हते.

पोपटाने दोन घटका मिळवून कासवाला सहा सांगितल्या. "निरोप पश्चिमेचा दिसतोय," म्हणत कासवानेही दोन मिळवल्या आणि आठ कोरल्या. इतर निरोपांच्या गडबडीत आपला आकडा विसरलेल्या पोपटाने बगळीला दगडावरच्या आठच वाचून दाखवल्या.

बगळी पोहोचली तेव्हा थव्याचे आकाशात ठिपके झाले होते. तिचा आकांत ऐकून शेवटचा बगळा वळला, म्हणून ती वाचली.

"कासवदादा, मी हिशेब केला होता!"

"मीही केला होता रे राघू, तिथेच घोळ झाला! यापुढे मी फक्त या टाक्यातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्राची वेळ कोरीन. ज्याला त्याला त्याच्या उन्हाप्रमाणे सांगणे तुझ्या चोचीचे काम."

पुढच्या वर्षी बगळी अगदी वेळेवर आली. थवा मात्र अजून पंख विंचरत बसला होता.